कौलहॉलमधलं गॅदरिंग

जानेवारी लागला की आमच्या शाळेत शिकवणं जवळपास थांबायचं. तास व्हायचे, हजेरी व्हायची, पण नववीतला निम्मा वर्ग लेझीमला आणि उरलेला नाटकाला. 'स्नेहसंमेलन' हा शब्द फक्त निमंत्रणपत्रिकेवर छापलेला असायचा. बाकी शिपाईमामांपासून हेडसरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, गॅदरिंग.

लातूर जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मी शाळेत होतो तो काळ 1975 ते 1981. शाळेचा हॉल त्याच्या दहाएक वर्षं आधी बांधलेला, सगळा काँक्रीटचा. वर गच्ची नाही, उतरतं छप्परही नाही. पाच लांबलचक अर्धगोल कमानी शेजारी शेजारी टाकलेल्या, म्हणजे लांबून पाहिलं तर राक्षसानं नळीची पाच कौलं पालथी घालून ठेवल्यासारखी. म्हणून गाव त्याला कौलहॉल म्हणायचं. कौल अर्थातच एकही नव्हतं. त्या छपराची जाडी जेमतेम तीन-चार इंच आहे हे मला फार उशिरा कळलं. आकारच असा की वजन वाकण्यावर न जाता दाबावर जातं, त्यामुळे पातळ असूनही ते उभं राहतं.

आतून गिलावा नव्हता. सेंट्रिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतताना आधाराला लावलेल्या फळ्यांचे ठसे तसेच राहिलेले. लाकडाच्या रेषा, खिळ्यांची डोकी आणि रंगमंचाच्या बरोबर वर एका फळीतल्या गाठीचा गोल ठसा. आम्ही त्याला 'डोळा' म्हणायचो. एन्ट्रीच्या आधी विंगेत उभं राहून घाम फुटलेला प्रत्येक पोरगा त्या डोळ्याकडे बघायचा. माझ्या पिढीतल्या कुणालाही विचारा, संवाद विसरलेला असेल, डोळा नाही.

मागच्या, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीला सिमेंटची जाळी होती. तिथून रंगमंचाकडे शहाबादी फरशीच्या रुंद पायऱ्या उतरत जायच्या. दुपार झाली की जाळीतून उन्हाचे चौकोन वरच्या पायरीवर पडायचे आणि सूर्य खाली जाईल तसे एकेक पायरी उतरायचे. तालमीला घड्याळ कुणाकडेच नसायचं. चौकोन तिसऱ्या पायरीवर आले की शिपाईमामा बादलीतून चहा आणायचे, सहाव्यावर आले की बाई म्हणायच्या, "पोरींनो, घरला चला आता, अंधार पडायच्या आत." एप्रिल-मेमध्ये बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री असताना त्या जाळीतून वारं खेळायचं. परीक्षा तिथेच घ्यायचे ते काही उगाच नाही. आणि हो, पास नसलेली गावातली पोरं गॅदरिंगच्या रात्री बाहेरून त्याच जाळीत पाय रोवून वर चढायची. एका भोकाला एक तोंड. रंगमंचावरून पाहिलं की मागची भिंत नुसती डोळ्यांनी भरलेली.

हॉलचा एक दोष होता, आणि तोच आम्हाला सगळ्यांत लाडका होता. आवाज. कमानीच्या वळणामुळे एका टोकाला कुजबुजलेलं दुसऱ्या टोकाला स्वच्छ ऐकू यायचं. नववीत मी शिवकालीन नाटकात किल्लेदार होतो. ऐन प्रसंगात वाक्य विसरलो. विंगेतून सरांनी हळूच प्रॉम्प्ट केलं, ते मला ऐकू आलं नाही, पण छपरावरून घरंगळत शेवटच्या पायरीवर पोहोचलं. तिथून शंभर पोरं एका सुरात ओरडली, "गड आला हो महाराज!" किल्लेदार मी, पण गड जिंकला मागच्या रांगेनं.

1993 साली मी पुण्यात नोकरीला होतो. 30 सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. त्या दिवसांबद्दल इथे फार लिहित नाही, आमच्या भागात ते सांगावं लागत नाही. एवढंच सांगतो की दगडमातीच्या भिंती आणि वरची जड माळवदं यांनी माणसं गाडली. कौलहॉल उभा होता, एका कमानीला केसाएवढी भेग घेऊन. पण छपराखाली कुणी जायला तयार नव्हतं. माणसं मैदानात झोपायची आणि हॉलमध्ये धान्याची पोती. त्या वर्षी गॅदरिंग झालं नाही.

माजी विद्यार्थी मंडळ त्यानंतर काही वर्षांनी सुरू झालं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मेळावा, कारण त्याच आठवड्यात पुण्या-मुंबईची सगळी घरी आलेली असतात. पहिली काही वर्षं मेळावा म्हणजे सत्कार, शाल-श्रीफळ आणि मसालेभात. मग एका वर्षी पुढच्या रांगेत जेवणाच्या पानात छपराचा पोपडा पडला. बसणाऱ्याला काही झालं नाही, भात गेला. पण विषय निघाला तो निघालाच. संस्थेतल्या काहींचं म्हणणं, पाडून टाकू, रस्त्याच्या बाजूला गाळे काढू, शाळेला भाडं येईल. चुकीचं म्हणावं असं त्यात काही नव्हतं, शाळेला पैसा लागतोच. चिडलो आम्ही ते दुसऱ्याच वाक्यावर: "ही काय जुनी वास्तू हाय का? सिमेंटचं तर हाय."

मराठवाड्यातल्या माणसाला हे वाक्य फार सहज सुचतं. आपल्याला जुनं म्हणजे वेरूळ, अजिंठा, औंढ्याचं देऊळ. सात-आठशे वर्षांखाली आपण बोलतच नाही. सोळा रस्ते जिथे मिळतात ती लातूरची बाजारपेठ, गंजगोलाई, आपल्याला अभिमानाची वाटते, पण ती 1917 ची, म्हणजे आमच्या हॉलहून पन्नासएक वर्षांनीच मोठी. तीही कधीतरी नवीकोरी होती.

बैठकीत आमच्यातल्या एका वास्तुविशारद मैत्रिणीनं दिल्लीच्या प्रगती मैदानावरच्या हॉल ऑफ नेशन्सची गोष्ट सांगितली. राज रेवाल यांची रचना, महेंद्र राज यांचं अभियांत्रिकीचं काम. 1972 च्या व्यापारमेळ्यासाठी काँक्रीटच्या त्रिकोणी सांगाड्यातून उभं केलेलं ते दालन एप्रिल 2017 मध्ये पाडलं. वय अवघं पंचेचाळीस. साठ वर्षं झाली नाहीत म्हणून वारसा नाही, असं ठरलं. आणि अहमदाबादच्या आयआयएममध्ये अमेरिकन वास्तुविशारद लुई कान यांनी बांधलेली वसतिगृहं पाडायचा निर्णय डिसेंबर 2020 मध्ये झाला तेव्हा ओरडणाऱ्यांत माजी विद्यार्थीही होते. जानेवारी उजाडताच तो मागे घेतला गेला. पुढे 2022 मध्ये संस्थेनं पुन्हा पाडण्याचाच सूर लावला, हेही तिनं लपवलं नाही. चंदीगडमधल्या, वास्तुविशारद पिअर जानरे यांच्या सागवानी खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशातल्या लिलावांत लाखांनी विकल्या गेल्या, हे ऐकल्यावर मात्र सभा एकदम जागी झाली. आमच्या शाळेनं किती बाक भंगारात घातले त्याचा हिशोब सुरू झाला.

पुढच्या मेळाव्याला एक स्ट्रक्चरल इंजिनिअर आले. सत्कार रद्द करून सगळे त्यांच्या मागे मागे. ते हातोडीनं छपरावर टकटक करत चालले. कुठे खणखणीत आवाज, कुठे बद्द. बद्द आवाजाच्या ठिकाणी थोडं काँक्रीट फोडलं आणि विचारलं, "तुमच्या प्रयोगशाळेत फिनॉल्फ्थॅलीन असेल ना?" होतं. रसायनशास्त्राच्या बाई बाटली घेऊन धावत आल्या. ताज्या फोडलेल्या भागावर ते शिंपडलं, तर आतलं काँक्रीट गुलाबी झालं, अगदी दहावीच्या प्रॅक्टिकलसारखं. बाहेरचा इंचभर थर मात्र तसाच राखाडी. त्यांनी समजावलं: काँक्रीट मुळात अल्कधर्मी असतं, म्हणून फिनॉल्फ्थॅलीन त्यावर गुलाबी होतं, आणि त्या अल्कतेमुळेच आतल्या सळईला गंज चढत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत मुरतो, अल्कता मरते, तो थर सळईपर्यंत पोहोचला की गंज सुरू. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा खातो, म्हणून पोपडे उडतात. "म्हणजे हे म्हातारं झालंय, मेलं नाही," त्यांचं वाक्य. सैल झालेलं काढायचं, सळया घासून साफ करायच्या, गंजरोधक लावायचं, पॉलिमर मिसळलेल्या मसाल्यानं भरायचं. खर्च आहे, पण नव्या बांधकामाहून कमी.

एकाच वेळी सगळं जमलं नाही. दर मेळाव्याला एक कमान, असं ठरलं. वाद झाले. एका सदस्यानं उत्साहात आतून ऑइल पेंट मारायचा घाट घातला होता, हिरवा. तो थांबवायला आम्हाला दुरुस्तीपेक्षा जास्त शक्ती लागली. फळ्यांचे ठसे रंगाखाली गेले असते, आणि डोळाही. मसाला भरताना मिस्त्री त्या ठशाच्या बाजूनं बोटभर अंतर सोडूनच थांबला. त्याचा बाप याच शाळेत शिकला होता, त्याला सांगावं लागलं नाही.

तीन कमानी झाल्यात, दोन बाकी आहेत. गाळ्यांचा प्रस्तावही फाइलीत आहेच, कुणी फाडलेला नाही.

यंदाच्या मेळाव्यात ते जुनं नाटक पुन्हा केलं. किल्लेदार मीच, पोट सुटलेला, चष्मा काढून. दुपारी तालमीला जाळी धुतलेली होती आणि चौकोन चौथ्या पायरीवर होते, चहा अजून आला नव्हता. रात्री ऐन प्रसंगात मी थांबलो. खरंच विसरलो की मुद्दाम, ते सांगणार नाही. विंगेतून हळूच आवाज आला, छपरावरून वर गेला, आणि मागच्या पायरीवरून नातवंडांसकट सगळे ओरडले.