रिटुक्सिमॅबनंतर पांढऱ्या पेशींचा रिपोर्ट कसा वाचायचा

आयटीपीच्या (प्लेटलेट कमी होण्याच्या आजाराच्या) पेशंटच्या घरी सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, रिपोर्ट आला की सगळ्यांची नजर आधी प्लेटलेटवर जाते. ते साहजिकच आहे. पण रिटुक्सिमॅब हे औषध चालू झालं असेल, तर त्याच कागदावरच्या पांढऱ्या पेशीही तितक्याच नीट पाहायला हव्यात.

आयटीपीत शरीर स्वतःच्याच प्लेटलेटविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि अशी अँटिबॉडी चिकटलेल्या प्लेटलेट मुख्यतः प्लीहेतल्या पेशी गिळून टाकतात. रिटुक्सिमॅब हीसुद्धा अँटिबॉडीच, पण औषध म्हणून तयार केलेली. ती बी-पेशी या पांढऱ्या पेशींवरच्या सीडी20 या प्रथिनाला धरते आणि त्या पेशी मरतात. बी-पेशींपासून तयार होणाऱ्या आणि प्रत्यक्ष अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींवर मात्र सीडी20 नसतं, त्यामुळे त्या शाबूत राहतात. म्हणूनच प्लेटलेट वाढायला कधी आठवडा लागतो, तर कधी दोन महिने. दुसऱ्या डोसनंतर आकडा हलला नाही म्हणून ‘औषध लागू पडलं नाही’ असं ठरवू नये.

बी-पेशी संपल्या तरी एकूण पांढऱ्या पेशींवर फारसा फरक दिसत नाही. पांढऱ्या पेशी 7,000 आणि त्यात लिंफोसाइट (बी-पेशी ज्यात मोडतात तो प्रकार) 30 टक्के, म्हणजे 2,100. त्यातल्या बी-पेशी दहा टक्के धरल्या तर जेमतेम 210. सगळ्या गेल्या तरी सीबीसी नॉर्मलच येणार. बी-पेशी मोजायच्या तर फ्लो सायटोमेट्रीने (पेशींवरची प्रथिनं ओळखून पेशी मोजणाऱ्या तपासणीने) बी-पेशींवरचंच सीडी19 हे दुसरं प्रथिन तपासावं लागतं, कारण सीडी20 औषधानेच झाकलेलं असतं. सोलापुरातून हा नमुना बाहेरगावी पाठवायचा असेल तर बर्फात ठेवू नका, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत तर मुळीच नको. या तपासणीला पेशी जिवंत लागतात. बी-पेशी परत यायला साधारण 6 ते 12 महिने लागतात.

सोबत प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड चालू असेल तर पांढऱ्या पेशी 12-15 हजारांवर जाऊ शकतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) सुटून रक्तप्रवाहात येतात, म्हणून आकडा फुगतो. ताप नाही, खोकला नाही, तर नुसत्या या आकड्यावर अँटिबायोटिक घ्यायचं कारण नाही.

खरी नजर ठेवायची ती न्यूट्रोफिलवर. काहींमध्ये शेवटच्या डोसनंतर महिन्याभराने, कधी चार-पाच महिन्यांनी, ते अचानक घसरतात. तोवर प्लेटलेट छान वाढलेल्या असतात आणि तपासणी बंद झालेली असते; धोका नेमका इथे आहे. म्हणून निदान सहा महिने दर महिन्याला सीबीसी करावी आणि टक्क्यांवर न जाता हिशेब करावा: पांढऱ्या पेशी 2,800 आणि न्यूट्रोफिल 30 टक्के, म्हणजे 840. आकडा 1,000 च्या खाली गेला की डॉक्टरांना लगेच कळवा. 500 च्या खाली आणि ताप 100.4 असेल, तर ‘सकाळी बघू’ नको, त्याच रात्री दवाखाना गाठा. अक्कलकोट, मंगळवेढ्याकडच्या पेशंटनी रात्रीच्या गाडीची सोय आधीच ठरवून ठेवावी. बहुतेकांचे न्यूट्रोफिल आपोआप सावरतात, पण मधले दिवस जपावे लागतात.

पहिल्या डोसच्या आधी हिपॅटायटिस बीच्या दोन तपासण्या हव्यातच: एचबीएसएजी (सध्याचा संसर्ग दाखवणारी) आणि अँटी-एचबीसी (जुना संसर्गही दाखवणारी). फक्त पहिली करून भागत नाही. जुना, दबलेला विषाणू बी-पेशी गेल्यावर उसळू शकतो आणि यकृत निकामी करू शकतो. लसी घ्यायच्या असतील तर शक्यतो दोन ते चार आठवडे आधी घ्या. नंतर सहा महिने तरी लस नीट लागू पडत नाही.

पावसाळ्यानंतर आपल्याकडे डेंग्यू येतो आणि त्यात प्लेटलेट व पांढऱ्या पेशी दोन्ही उतरतात. आयटीपी उलटला तर सहसा एकट्या प्लेटलेट उतरतात. रिटुक्सिमॅब घेतलेल्याला ताप आला तर पहिल्या पाच दिवसांतच एनएस1 (डेंग्यूच्या विषाणूचं प्रथिन शोधणारी तपासणी) करून घ्या. डेंग्यूची आयजीएम ही अँटिबॉडीची तपासणी निगेटिव्ह आली तरी निर्धास्त होऊ नका. ती अँटिबॉडी बनवायला लागणाऱ्या बी-पेशीच त्या वेळी शरीरात नसतात.