संमतीच्या रकान्यात अडकलेले नऊ महिने

अतितीव्र बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्ती जेवताना नकार कसा दर्शवतात, हा माझ्या पीएच.डी.चा विषय आहे. आराखडा, मार्गदर्शकांची मान्यता आणि डे-केअर केंद्राशी बोलणी दीड महिन्यात उरकली. पुढचे नऊ महिने मात्र संमतीपत्राच्या एका रकान्याने खाल्ले, आणि त्याचा राग अजून पुरता उतरलेला नाही.

संस्थेच्या नीतिशास्त्र समितीतील एका ज्येष्ठ सदस्यांनी आधी असे सुचवले की ‘सौम्य’ गटातील, बोलू शकणारी मुले घ्यावीत, म्हणजे सह्यांचा प्रश्नच उरणार नाही. मुले! माझ्या यादीतील सर्वांत लहान व्यक्ती 23 वर्षांची होती. मी विषय बदलला नाही, तेव्हा प्रस्तावाला त्रुटी लागली: आईची सही ग्राह्य नाही. त्यात समितीची चूक नव्हती, हे मला कबूल केले पाहिजे. वयाची 18 वर्षे पूर्ण झाल्यावर आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्थानिक स्तर समितीकडून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. माझ्या 8 कुटुंबांपैकी ते 2 जणांकडेच होते. पहिल्याच भेटीत, चहा येण्याआधी, हे विचारून घ्यावे.

उरलेल्या सहा अर्जांसाठी मी ज्या कार्यालयाचे उंबरठे झिजवले, तिथे ‘बैठक लागली की कळवू’ या एका वाक्यावर चार महिने गेले. या स्थानिक स्तर समितीत जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक अपंग व्यक्ती असते, आणि या तिघांची तारीख जुळेपर्यंत सगळे अर्ज आवक नोंदवहीत पडून राहिले. (अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्या, मी पहिल्या वेळी घेतली नव्हती.) शेवटी लिपिकाने सांगितले, “मॅडम, ज्याच्यासाठी अर्ज आहे तो इसम समक्ष लागेल.” लिफ्ट बंद होती. सत्तरीच्या आईने आणि मी मिळून तिच्या 34 वर्षांच्या मुलीला तिसऱ्या मजल्यावर नेले. गोंगाटाने तिने कान झाकले, मनगट चावले. हजेरीच्या कागदावर अंगठा हवा होता; तिने हात मागे ओढला, आणि लिपिकाने तो धरून शाईच्या पॅडवर दाबला. माझ्या अभ्यासाचा विषय असलेला नकार डोळ्यांसमोर घडत होता आणि कागद हवा म्हणून मी गप्प राहिले. आई म्हणाली, “चालायचंच, ताई.”

प्रमाणपत्रे हातात आली, तर दुसरी त्रुटी तयार होती. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 च्या कलम 6 नुसार, व्यक्तीला समजेल अशा मार्गाने घेतलेली संमती तर हवीच, शिवाय शासनाने नेमलेल्या अपंगत्व संशोधन समितीची पूर्वपरवानगीही हवी, आणि त्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग किंवा नोंदणीकृत संस्थांचे असावे लागतात. हे कलम मला पटते. पण याची विचारणा पहिल्याच बैठकीत झाली असती, तर दोन्ही अर्ज एकाच वेळी गेले असते.

संशोधन समितीचे पत्र येईपर्यंत मी प्रत्येक आईबरोबर आणि घास भरवणाऱ्या सेविकेबरोबर एक पानाचे नकार-पत्रक तयार केले: ओठ घट्ट मिटणे, मान डावीकडे फिरवणे, घास गालात धरून ठेवणे. यांतील एक खूण दिसली की त्या दिवसाचे चित्रीकरण बंद करायचे आणि आधीचेही वापरायचे नाही. सह्यांच्या सगळ्या कागदांपेक्षा नीतिशास्त्र समितीने याच पानावर सर्वांत कमी प्रश्न विचारले. तेव्हा नकार-पत्रक आधी करा, पालकत्वाच्या अर्जामागे नंतर धावा.

तिसऱ्या मजल्यावर आलेल्या त्या मुलीने पहिल्याच दिवशी वरणभाताच्या दुसऱ्या घासाला मान फिरवली. मी कॅमेरा बंद केला. पुढच्या पाच भेटींतही तसेच झाले, त्यामुळे प्रबंधात तिच्या एकाही जेवणाची नोंद नाही.