१८ आणि २२ मिळून १८२२

गेल्या महिन्यात पायथन ही कोडिंगची भाषा शिकायला घेतली. मी कॉमर्सवाली, कोडिंगशी कधी संबंधच आला नव्हता, पण आमच्या निफाडकडच्या शेतातला कांदा लासलगावला जातो आणि त्याच्या सगळ्या पट्ट्या (विक्रीच्या पावत्या) बाबा एका पिशवीत ठेवतात, त्यांची एकदा नीट बेरीज करायची होती. म्हटलं हाच आपला पहिला प्रोग्रॅम. रात्री सिडकोतल्या घरी जेवणं उरकली की तासभर बसते.

पहिल्या ट्रॅक्टरचं वजन १८ क्विंटल, दुसऱ्याचं २२. दोन्ही टाकले, एंटर मारलं, उत्तर १८२२! बघतच राहिले. मग कळलं की इनपुटने (टाइप केलेलं घेणारी आज्ञा) काहीही घेतलं तरी पायथन ते अक्षरं म्हणूनच धरतं, आणि अक्षरांची बेरीज म्हणजे एकापुढे एक चिकटवणं. हा आकडा आहे हे त्याला इंट (पूर्ण संख्या) लावून सांगावं लागतं. त्यात वजन १८.४० असलं की इंटलाही चालत नाही, व्हॅल्यू एरर येतो, तिथे फ्लोट (दशांशाचा आकडा) पाहिजे. मला तर वाटतं नवीन माणसाला पहिल्याच दिवशी हे दाखवावं.

लूपने, म्हणजे तेच काम दर पट्टीला परत करणाऱ्या भागाने, मात्र दोन रात्री खाल्ल्या. 'एकूण = 0' ही ओळ चार स्पेस आत सरकून लूपमध्ये गेली होती, (हो, पायथन ३ मध्ये व्हेरिएबलला, म्हणजे आकडा साठवायच्या जागेला, मराठी नाव चालतं) त्यामुळे दर पट्टीला बेरीज परत शून्यावर यायची आणि शेवटी फक्त शेवटची पट्टी उरायची. एरर काहीच नाही, म्हणून सापडेना. मग दर फेरीला 'एकूण' प्रिंट करून बघितलं तेव्हा कुठे दिसलं. ओळ बाहेर काढली, झालं.

रविवारी गावी गेले, प्रोग्रॅम मोबाईलवर घेतलेला, बाबांच्या हातात दिला. मी आत्तापर्यंत इंग्रजी आकडे टाकत होते, बाबांनी मराठी कीबोर्ड काढून मराठीत १८.४० टाकलं. मी थांबवणारच होते, कारण कोडमध्ये मराठी आकडा लिहिला की सिंटॅक्स एरर येतो हे मी करून बघितलं होतं. पण फ्लोटने तो सरळ घेतला! इनपुटमधून आलेले देवनागरी आकडे त्याला कळतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सतरा पट्ट्या झाल्या. ३१२.६५ क्विंटल. बाबांनी तो आकडा पिशवीवरच पेनने लिहून ठेवला.