तीच मुलं, तीच टेकडी : आमची वाटचाल

शाळेत निसर्गशिक्षणाबद्दल बोलायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठे नेणार?" भिगवणचे रोहित पक्षी, भीमाशंकरचं शेकरू. नेतोही आम्ही, आणि मुलं हरखून जातात. पण या व्यवसायात पडल्यापासून आमचा हट्ट एकच आहे : तीच मुलं, पुण्यातली तीच वेताळ टेकडी, वर्षातून चार वेळा.

हे मुख्याध्यापकांच्या गळी उतरवताना दमछाक झाली. "टेकडी काय, मुलांनी पाहिलेली आहे!" सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच पर्यावरण हा विषय सक्तीने शिकवायला सांगितलं होतं. आज त्याची प्रकल्पवही शाळेत आहे, आणि कित्येक घरी ती आईच भरते.

जुलैत आम्ही पाचवीच्या चार-पाच मुलांना मिळून एक रुईचं झुडूप नेमून देतो. भिंग घेऊन पानाखाली प्लेन टायगर फुलपाखराची अंडी शोधायची. पट्ट्यापट्ट्यांची अळी सापडली की जागचं हलायचं नाही. ती पानाची शीर आधी कुरतडते, चीक वाहून जाऊ देते आणि मगच खायला लागते. चिकातलं विष तरीही थोडं अंगात मुरतं, फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत. हे आम्ही आधी सांगत नाही. "मग अळी कशी मरत नाही?" हा प्रश्न मुलांकडूनच यायला हवा, मग त्यासाठी तास गेला तरी चालेल.

पाऊस सरताना मोराची गळलेली पिसं दिसतात. फेब्रुवारीत गवत वाळलेलं, काटेसावर निष्पर्ण आणि लाल, उंदीरमारी गुलाबी. ही उंदीरमारी मूळची मध्य अमेरिकेकडची, भराभर वाढते म्हणून टेकड्यांवर लावलेली. मुलं सुतळीचा एक मीटरचा चौकोन तिच्याखाली टाकतात, दुसरा देशी झाडाखाली, आणि आत किती प्रकारची रोपं आहेत ते मोजतात. पावसाळ्यातली नोंद वहीत असतेच. दोन्ही पानं शेजारी ठेवून मुलं वाद घालतात, तेव्हा या कामाचं खरं समाधान मिळतं.

व्यवहार सोपा नाही. बारा मुलांमागे एक मार्गदर्शक हे प्रमाण आम्ही सोडत नाही, त्यामुळे दर चढा दिसतो. मे महिन्यात शाळा बंद, तेव्हा पगार सुट्टीतल्या शिबिरांवर निघतात. एका शाळेने तीन वर्षांचा करार केला आणि मग आम्हाला माणसं कायम नेमता आली. या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना सांगतो : वनस्पतिशास्त्राची पदवी उपयोगी पडते, पण प्रथमोपचार यायलाच हवेत, आणि उत्तर माहीत असून गप्प बसता यायला हवं.

येत्या जूनपासून शाळांतल्या शिक्षकांनाच या फेऱ्या घ्यायला शिकवणार आहोत. त्या शाळांकडून आमचं काम कमी होईल. व्हावंच.