एका पोत्याचा हिशेब

केनियातल्या किसुमू शहरात, किबुये बाजारामागच्या शेडमध्ये त्या दिवशी आम्ही तीन वस्तू मागवल्या होत्या: वजनकाटा, शेगडी आणि विक्रीला तयार असलेलं एक पोतं. नवउद्योजकांसाठीच्या आमच्या अभ्यासक्रमाच्या वेळापत्रकात खरं तर गुंतवणूकदारांपुढच्या दहा मिनिटांच्या सादरीकरणाचा सराव होता. तो पुढे ढकलला, कारण आदल्या आठवड्यात उद्योजिकेने पाठवलेल्या खर्चाच्या तक्त्यात मजुरीचा रकानाच नव्हता.

त्यांचा उद्योग कांडीकोळशाचा. केनियात फेब्रुवारी २०१८ मध्ये सरकारी जंगलांतल्या तोडीवर बंदी आली, लाकडी कोळसा महागला, आणि टाकाऊ मालापासून कोळसा करणाऱ्यांना बाजार दिसू लागला. किसुमूच्या पूर्वेला मुहोरोनी-चेमेलिलचा ऊसपट्टा आहे, म्हणजे चिपाडाला तोटा नाही. दोनशे लिटरच्या पिंपात बारा-पंधरा किलो कोरडं चिपाड मावतं. झाकण घट्ट बसलं तर त्यातून तीनेक किलो कोळसा निघतो, फटीतून हवा शिरली तर नुसती राख. आपल्याकडे पुण्याच्या ‘आरती’ संस्थेने उसाच्या पाचटापासून असाच कोळसा करून दाखवला आणि त्यासाठी २००२ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. इथे चिपाडाच्या कोळशात बाजारातल्या कोळसेवाल्यांकडून घेतलेला चुरा मिसळायचा, कसाव्याच्या पिठाची खळ घालायची (आपला साबुदाणा होतो तोच हा कंद) आणि हाताने फिरवायच्या स्क्रू-प्रेसमधून कांड्या पाडायच्या. कामाला बचत गटातल्या सहा बायका. तिथे अशा गटाला ‘चामा’ म्हणतात.

उद्योजिकेला हवा होता विजेवर चालणारा मोठा प्रेस. सादरीकरणाची मागणीही तीच होती: उत्पादन तिप्पट करू.

आधी ओलावा पाहिला. पोत्यातून वरच्या, मधल्या आणि तळाच्या मिळून दहा कांड्या काढल्या. नुसत्या वरच्या घेतल्या तर उत्तर नेहमी चांगलंच येतं. वजन भरलं ६२० ग्रॅम. शेजारच्या बेकरीची भट्टी पाव काढल्यावर मंद झाली होती, तिच्यात चार तास ठेवून पुन्हा तोलल्या: ५०८ ग्रॅम. ११२ ग्रॅम पाणी म्हणजे अठरा टक्के. वीस किलोच्या पोत्यात साडेतीन किलोहून जास्त पाणी विकलं जात होतं. यात फसवणूक कुणाचीच नव्हती. कांड्या जमिनीवर पसरून तीन दिवस वाळवायच्या, असा नियम कोरड्या महिन्यात ठरला होता. मार्च ते मे हा तिकडचा मोठा पाऊसकाळ, आणि त्यातही नियम तोच राहिला. वरून कडक वाटणारी कांडी मधोमध मोडली की गाभा गडद आणि गार लागतो. ही खूण बायकांना ठाऊक होती, पण पोतं भरण्याआधी कांडी मोडून पाहणं हे काम कुणाच्याच वाट्याला दिलेलं नव्हतं.

मग राख. वाळवलेल्या ५०० ग्रॅम कांड्या पूर्ण जाळल्या, तेव्हा १९० ग्रॅम राख उरली. अडतीस टक्के! चांगल्या लाकडी कोळशाची राख दोन ते पाच टक्क्यांत असते. कारण दोन ठिकाणी सापडलं. कसाव्याचं पीठ महागल्यावर कांडी बांधून राहावी म्हणून चिकणमाती घालायला सुरुवात झाली होती. माती कांडी बांधते, पण स्वतः जळत नाही. आणि कोळसेवाले चुरा जमिनीवरूनच झाडून देत, त्यामुळे आणखी माती आधीच त्यात असे. केनियात घरोघर दिसणाऱ्या कमरेत निमुळत्या शेगडीला आतून भाजलेल्या मातीचं अस्तर असतं आणि मध्ये भोकांची जाळी. एवढी राख झाली की जाळीची भोकं बुजतात, खालून हवा येत नाही आणि विस्तव विझतो. ‘मध्येच विझतो’ ही तक्रार उद्योजिकेच्या वहीत अकरा वेळा लिहिलेली होती. तक्रारी तारखेसह लिहून ठेवणारी माणसं या कामात फार थोडी भेटतात. त्या वहीमुळेच आमचा अर्धा दिवस वाचला.

तिसरी चाचणी पाण्याची. दोन सारख्या शेगड्या, सारखी पातेली, दोन-दोन लिटर पाणी आणि ६००-६०० ग्रॅम इंधन. लाकडी कोळशावर पाण्याला एकोणीस मिनिटांत उकळी फुटली, कांड्यांवर एकतीस मिनिटांत. उद्योजिकेचा चेहरा उतरला. पण शेगड्या तशाच ठेवल्या. दीड तासाने लाकडी कोळसा मंदावला होता आणि कांड्यांवरचं पातेलं अजून बारीक रटरटत होतं. संध्याकाळी घाईघाईत उगाली (मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा) घाटणाऱ्या घराला हे इंधन निरुपयोगी आहे. मका आणि घेवड्याचं गिथेरी तासन्‌तास शिजवणाऱ्या भोजनालयाला नेमकं हेच लागतं. आणि विकत होते ते घरांना.

दुपारी वही उघडली. वहीच्या पाठीवर लिहिलं होतं ‘हेसाबू’, आणि आतल्या शेवटच्या रकान्यावर ‘फाइदा’. स्वाहिलीतले हे शब्द मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. एका पोत्याचा त्यांचा हिशेब असा: चुरा आणि चिपाडाचा कोळसा १२६ शिलिंग, कसाव्याचं पीठ ८८, रिकामं पोतं ३०, बोडा-बोडा मोटरसायकलचं भाडं ६०. एकूण ३०४. विक्री ५००, फाइदा १९६.

‘सहा जणींना पैसे मिळतात ना?’

‘मिळतात, म्वालिमू (म्हणजे गुरुजी). रोज चारशे. पण ते प्रशिक्षण भत्त्यातून.’

स्पर्धेत मिळालेल्या अनुदानात ‘प्रशिक्षण भत्ता’ असं शीर्षक होतं, त्याची वही वेगळी. सहा जणींचे दिवसाला २,४०० शिलिंग आणि दिवसाची बारा पोती, म्हणजे पोत्यामागे २०० मजुरी. शंभरातल्या आठ कांड्या तुटतात, त्यांचा चुरा पुन्हा दाबावा लागतो, म्हणून मजुरीवर आणखी १६. उधारीवर दिलेल्या वीस पोत्यांमागे एकाचे पैसे येत नाहीत: २५. प्रेसचा स्क्रू दोन महिन्यांत झिजतो, तो भरून घ्यायचा खर्च ८. बेरीज ५५३. पोत्यामागे ५३ शिलिंग तोटा, आणि त्यात उद्योजिकेच्या स्वतःच्या कामाचा एक शिलिंगही धरलेला नाही. महिन्याला २८८ पोत्यांवर पंधरा हजारांहून जास्त तोटा अनुदान मुकाट्याने भरत होतं. त्यावर मोठा प्रेस आणून उत्पादन तिप्पट केलं असतं, तर पैसे त्याच वेगाने संपले असते.

बीजभांडवल देणारे आज आफ्रिकेत बरेच आहेत. नायजेरियातलं टोनी एलुमेलू प्रतिष्ठान २०१५ पासून खंडभरातल्या नवउद्योजकांना पाच-पाच हजार डॉलर देत आलं आहे, आणि अशा पैशाने खरोखर उद्योग उभे राहतात. पण अनुदान आलं की ते जमेच्या बाजूला विक्रीशेजारी लिहायचं नाही आणि त्यातून जाणारी मजुरी खर्चातून वगळायची नाही, हे पहिल्या आठवड्यात, सादरीकरणाच्या खूप आधी, शिकवलं पाहिजे. हे आमच्या अभ्यासक्रमात आठव्या आठवड्यात होतं. चूक तिथेही होती.

उरलेल्या दिवसात दुरुस्त्या ठरल्या. माती बंद. खळ जेमतेम पाच-सहा टक्के, पण पीठ आधी थंड पाण्यात कालवून मग उकळत्या पाण्यात ओतायचं आणि पारदर्शक होईपर्यंत ढवळायचं. कच्चं पीठ कांडी बांधत नाही, आणि मग हात मातीकडे जातो. कोळसेवाल्यांना पोत्यांखाली अंथरायला ताडपत्री द्यायची आणि तिच्यावरचाच चुरा किलोमागे एक शिलिंग जास्त देऊन घ्यायचा. वाळवणीला जमिनीपासून कमरेइतक्या उंचीवर जाळीची मांडणी, वर पॉलिथिनचं छप्पर, बाजू मोकळ्या. बाजूही झाकल्या की आत वाफ कोंडते आणि दुसऱ्या दिवशी कांड्यांवर बुरशी धरते. रोज त्याच दहा कांड्या तोलायच्या, लागोपाठ दोन दिवस वजन जवळपास सारखं भरलं तरच पोतं भरायचं.

चार वाजता पोतं हातगाडीवर टाकून भोजनालयं फिरलो. पहिल्या स्वयंपाकिणीने कांडी नखाने खरवडली, दुसरीवर आपटून आवाज ऐकला आणि ‘ओली आहे’ म्हणून परत दिली. आमच्या चार तासांच्या भट्टीचं उत्तर त्या बाईंनी दोन सेकंदांत दिलं. तरी वाळलेला माल आला तर चालेल, असं चौघींनी सांगितलं, भाव किलोला ३२ शिलिंग, पैसे माल उतरवण्याआधी एम-पेसावर, म्हणजे मोबाइलवरून. कोंबडीची पिल्लं उबवणाऱ्या एकाने चौकशी केली. त्यांना माल देता येईल, पण बंद खोलीत कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड पिल्लांना आणि माणसालाही मारतो, म्हणून वरची झडप उघडी ठेवायचं पटल्याशिवाय द्यायचा नाही, असं उद्योजिकेनेच ठरवलं.

नव्या भावाने पोत्याचे ६४० येतील. चांगला चुरा, पूर्ण खळ, परत येणारी पोती, जवळचं गिऱ्हाईक आणि उधारी शून्य, असं सगळं धरून खर्च ४९६. पण चार भोजनालयांची मागणी मिळून आठवड्याला अकरा पोती. प्रेस एका दिवसात बारा काढतो.

हे आकडे घेऊन त्या रात्री उद्योजिका चामापुढे बसल्या. सहा जणींना सांगायचं होतं की पुढचे काही आठवडे प्रेस एकच दिवस चालेल आणि उरलेले दिवस दोघी-दोघींनी शेगडी घेऊन भोजनालयांत फिरायचं. भत्त्याची वही त्यांनी सगळ्यांसमोर उघडली. बैठक अडीच तास चालली. दोघींनी काम सोडलं, चौघी राहिल्या.

नऊ दिवसांनी फोनवर संदेश आला. त्यात फक्त दहा कांड्यांची वजनं होती: ९०५, ७४२, ६३१, ५८८, ५८५. खाली लिहिलं होतं, ‘आता भरतो.’