व्हिएन्नातला एक शनिवार, एकही संग्रहालय न बघता

व्हिएन्नाला जाणाऱ्यांच्या यादीत शोनब्रुनचा राजवाडा, होफबुर्ग, क्लिम्टची चित्रं हे सगळं असतंच, आणि असावंच. पण त्यातून एक दिवस नुसता भटकायला राखून ठेवा, आणि शक्यतो तो शनिवारच असू द्या. एक तर नाशमार्क्ट या खाण्यापिण्याच्या बाजाराला लागून भरणारा जुन्या वस्तूंचा बाजार फक्त शनिवारी असतो. दुसरं म्हणजे रविवारी शहरातली जवळपास सगळी दुकानं बंद. मी आणि आई जुलैमध्ये गेलो होतो. आईच्या गुडघ्यांना जिने चालत नाहीत, पण बाजार कितीही चालतो, त्यामुळे बेत ठरवायला वेळ लागला नाही.

यू-४ मेट्रोने केटनब्र्युकनगासे स्टेशनला उतरलं की समोरच जुना बाजार. सकाळी लवकर जा, नऊनंतर गर्दी होते. जमिनीवर चादरी अंथरलेल्या, त्यावर पितळी खलबत्ते, दांडी तुटलेले कप, कुणाच्या तरी आजोबांची पदकं, अनोळखी लग्नांचे फोटो. आईने एक पितळी खल उचलला, उलटा करून बुड पाहिलं, बोटाने टिचकी मारली आणि म्हणाली, "अगं, आपला जड आहे याच्यापेक्षा." विक्रेत्याला मराठी येत नव्हतं, पण टिचकीचा अर्थ कळला असावा, कारण त्याने लगेच किंमत उतरवली. इथे घासाघीस चालते, रोख लागते, आणि पाच-दहाच्या नोटा बऱ्या.

बाजारातूनच मान वर करून लिंके वीनत्साइले रस्त्यावरच्या दोन इमारती बघून घ्या. एकीवर सोनेरी नक्षी, दुसरीच्या पूर्ण दर्शनी भागावर फुलांच्या टाइल्स. दोन्ही ओटो वाग्नर या वास्तुकाराच्या, १८९८-९९ च्या सुमाराच्या. तिकीट नाही, रांग नाही.

नाशमार्क्टबद्दल एक सावधगिरीची सूचना. मधल्या भागातले भरलेल्या ऑलिव्हचे, फलाफलचे, वसाबी शेंगदाण्यांचे विक्रेते हाका मारून चव द्यायला पुढे येतात. चव जरूर घ्या. पण "थोडंसं द्या" म्हटलं की डबा काठोकाठ भरून वजनावर जातो, आणि आकडा बघून आपण गप्प होतो. ग्रॅममध्येच सांगा, शंभर ग्रॅम पुष्कळ होतं. फळं घ्यायची तर केटनब्र्युकनगासेच्या टोकाला शनिवारी शेतकरी बसतात, त्यांच्याकडून घ्या. जुलैत जर्दाळू येतात. डॅन्यूबकाठच्या वाखाऊ खोऱ्यातले असतील तर डोळे मिटून घ्या.

त्याच जर्दाळूंचा एक पदार्थ म्हणजे मारिलेनक्नोडेल. बटाट्याच्या किंवा टॉपफेन नावाच्या मऊ चीजच्या पिठात अख्खा जर्दाळू घालून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या ब्रेडच्या चुऱ्यात घोळवतात. उकडीच्या मोदकात सारणाऐवजी आंबटगोड फळ निघावं, तसं लागतं. हंगामात दिसला की सोडू नका.

नाशमार्क्टपासून पाच-सात मिनिटांवर काफे श्पेर्ल आहे, १८८० पासूनचं. विटलेल्या कापडाच्या खुर्च्या, बिलियर्डची टेबलं, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रं. मेलांज मागवली की कॉफीबरोबर चंदेरी तबकात पाण्याचा ग्लास येतो आणि त्यावर चमचा पालथा ठेवलेला. पाणी फुकट, आणि खरोखर चांगलं: १८७३ पासून आल्प्समधल्या झऱ्यांचं पाणी नळाने या शहरात येतं. त्यामुळे बाटल्या विकत घेऊ नका, रिकामी बाटली जवळ ठेवा आणि रस्त्यावरच्या नळांवर भरा.

कॉफीला पाच-सहा युरो म्हणजे महाग वाटतं खरं. पण हे भाडं खुर्चीचं आहे. आम्ही तासभर बसलो, कुणी येऊन "आणखी काही?" विचारलं नाही. बिलही आपण मागेपर्यंत येत नाही, "त्सालेन, बिटे" म्हणावं लागतं. वेटर थोडे घुश्श्यात वाटतात, ती इथली रीतच आहे, मनावर घेऊ नका. टिप टेबलावर ठेवून निघायचं नाही. साधारण दहा टक्के धरून एकूण रक्कम पैसे देतानाच सांगायची.

तिथून ऑपेरा हाऊसवरून केर्न्टनर श्ट्रासे. हा रस्ता आता बराचसा जगात कुठेही दिसणाऱ्या ब्रँडांचा झालाय, त्याला वेळ देऊ नका. अपवाद लोबमायरचं काचसामानाचं दुकान, १८२३ पासूनचं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन ऑपेरातली ताऱ्यांच्या स्फोटासारखी दिसणारी झुंबरं यांनीच केलेली. आत जाऊन नुसतं बघायला कुणी अडवत नाही. पण पाठीवरची सॅक पुढे घ्या, फुंकर मारली तरी तुटतील असे पातळ ग्लास हाताशी मांडलेले असतात.

पुढचा ग्राबेन मात्र सावकाश चालायचा. रोमन छावणीचा खंदक बुजवून झालेला हा रस्ता. मधोमध प्लेगचा स्तंभ, १६७९ च्या साथीनंतर उभारलेला, ढगांवर ढग रचल्यासारखा. जवळच जमिनीखाली १९०५ सालचं स्वच्छतागृह आहे, लाकूड आणि पितळ जपलेलं. सार्वजनिक स्वच्छतागृहांत जायला बहुधा पन्नास सेंटचं नाणं लागतं, खिशात सुटे ठेवा.

दुपारचं जेवण आम्ही डोरोटेअरगासेतल्या त्शेश्निएव्स्कीत उभ्यानेच उरकलं. राय या धान्याच्या ब्रेडच्या छोट्या आयताकृती तुकड्यांवर वेगवेगळी वाटणं, बरीचशी अंड्याची. काउंटरवर बोट दाखवून हवे तितके घ्यायचे. सोबत प्फिफ, म्हणजे एक अष्टमांश लिटर बिअर. एवढासा ग्लास बघून आई म्हणाली, "हे तर औषधाचं माप." आणि तिनेही एक घेतला.

मांस न खाणाऱ्यांनी जरा जपून. इथलं सूप बहुधा गोमांसाच्या रश्शाचं असतं, अगदी धिरड्याच्या पट्ट्या घातलेलं, वरून निरुपद्रवी दिसणारं फ्रिटाटेनसुपं सुद्धा. तिखटमिठाच्या क्नोडेलमध्ये, म्हणजे उकडलेल्या गोळ्यांमध्ये, डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असू शकतात. "वेगेटारिश?" म्हणजे शाकाहारी का, असं स्पष्ट विचारा.

ग्राबेनच्या टोकाला डावीकडे कोलमार्क्ट. इथल्या किमती बघूनच पोट भरतं. डेमेलमध्ये आतल्या बाजूला काचेपलीकडे मिठाई बनवणारे काम करताना दिसतात. एक मुलगी केकवर चॉकलेट ओतून लांब पात्याने एका झटक्यात सपाट करत होती, पुन्हा हात लावायचा नाही. झाखर टॉर्टे या चॉकलेट केकवरून या दुकानाचा आणि हॉटेल झाखरचा 'अस्सल' कुणाचा असा वर्षानुवर्षं खटला चालला होता. माझं मत विचाराल तर तो केक एकूणच कोरडा, सोबतच्या बिनसाखरेच्या क्रीमशिवाय घशाखाली उतरत नाही. त्याच पैशांत व्हॅनिला सॉस घातलेला गरम आप्फेलश्ट्रूडेल, म्हणजे सफरचंदाचं सारण भरलेला रोल, घ्या.

मिखाएलरप्लात्सवर राजवाड्यासमोर आडोल्फ लोस या वास्तुकाराची साधी, बिननक्षीची इमारत आहे. तिच्यावरून त्या काळी गावभर ओरड झाली होती, आज तीच चौकात सगळ्यात शांत दिसते. पलीकडे फोल्क्सगार्टनमधले गुलाब आणि फुकटच्या खुर्च्या. पाय दुखायला लागले की रिंगवरून, म्हणजे जुन्या शहराभोवतीच्या गोल रस्त्यावरून, ट्राम धरा. आता एकच ट्राम पूर्ण फेरी मारत नाही, १ आणि २ नंबर बदलून घ्यावी लागते. दिवसभराचा पास काढा आणि कागदी असेल तर पहिल्यांदा मशीनमध्ये छापून घ्या. फाटकं नाहीत म्हणून कुणी बघत नाही असं समजू नका, साध्या कपड्यातले तपासनीस येतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे.

खरेदीचं म्हणाल तर शनिवारी बहुतेक दुकानं सहाला बंद होतात, साडेपाचला "उद्या बघू" म्हणू नका. एका दुकानात ७५ युरोंपेक्षा जास्त बिल झालं तर कर परतीचा फॉर्म मागा, पासपोर्ट जवळ हवा. विमानतळावर सामान चेक-इन करण्याआधी शिक्का घ्यायचा असतो, तेवढा वेळ हाताशी ठेवा. आणि रविवारसाठी दूध-ब्रेड शनिवारीच भरून ठेवा. राहिलंच तर हाउप्टबानहोफ स्टेशनातलं सुपरमार्केट उघडं असतं, पण त्या दिवशी अर्धं शहर तिथेच रांगेत असतं.