तुम्ही विचारलंत म्हणून: घरघंटी घ्यावी की दगडी चक्की?

कळण्याची (ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची) भाकरी घरघंटीच्या, म्हणजे घरगुती विजेच्या चक्कीच्या, पिठाची जमते का, की दगडाची चक्कीच घ्यावी, असं जळगाव-धुळ्याकडून बरेच जण विचारतात. जमते. फक्त दुकानदार हॉर्सपॉवर सांगू लागला की त्याला आधी जाळ्या काढून दाखवायला सांगा.

घरघंटीत दगड नसतो. मिनिटाला सुमारे 2800 फेऱ्या घेणारे बीटर (धातूची पाती) दाणा फोडतात आणि जाळीच्या भोकातून जाईल इतकं बारीक झालं की पीठ खाली डब्यात पडतं. दादर ज्वारीच्या भाकरीला बारीक जाळी, डाळीच्या भरड्याला मोठी. पाच-सहा माणसांना एक हॉर्सपॉवर पुरते. जास्तीचे पैसे स्टीलच्या जाड जाळ्यांवर घाला.

कळण्याला चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद. उडीद धुतले असतील तर कडक उन्हात खणखणीत वाळवा. दमट दाण्याचं पीठ जाळी बुजवतं, मग ते आतच फिरत राहतं, तापतं, आणि दोष मात्र मोटरीवर जातो. खडेमीठ दळणातच टाकायची पद्धत घरघंटीत नको, ओल धरून पत्रा गंजतो. मीठ पीठ मळताना घाला. शेंगदाणे, तीळ तेल सोडतात, तेही नकोत. मिरची-मसाल्याला डंका किंवा वेगळा पल्वरायझर. नाहीतर पुढचे दोन-तीन घाणे तिखट. बाजरी आठवड्यापुरतीच दळा, पीठ लवकर कडू होतं.

दगडी चक्कीत दोन दगडांमधलं अंतर स्क्रूने कमी-जास्त करता येतं. पण दगड गुळगुळीत झाला की टाकी लावावी (छिन्नीने टाचून खरखरीत करावा) लागते आणि ती लावणारा माणूस जवळपास हवा. नव्या दगडावरचं पहिलं दोन किलो पीठ कचकच लागतं, ते टाकूनच द्या.

घरघंटीत दळण चालू असताना वीज गेली तर बटण बंद करा. आत दाणे अडकलेले असताना वीज आली तर मोटर नुसती घुमते आणि जळू शकते. दार उघडून आतलं रिकामं करा, मोकळी फिरवा, मग दाणे सोडा. सॉकेट 16 अँपिअरचं, अर्थिंगसह.

माती परीक्षणाचा नमुनाही घरघंटीत दळू का, असंही काही जण विचारतात. लोह-जस्त तपासायचं असेल तर मुळीच नाही. बीटरचा धातू झिजून नमुन्यात उतरतो. ढेकळं लाकडी खलबत्त्यात फोडा आणि 2 मिलिमीटरच्या प्लास्टिक किंवा नायलॉनच्या चाळणीने चाळा.